शब्दचर्चा : ‘व्हर्मिक्युलेट’

इंग्रजी ग्रंथ वाचतांना क्वचित् भेटणारा ‘व्हर्मिक्युलेट’ हा शब्द या खेपेस आम्हीं विचारासाठीं घेतला आहे. लॅटिन भाषेंत ‘व्हर्मिस्’ म्हणजे किडा व ‘व्हर्मिक्युलस्’ म्हणजे लहानसा किडा. यावरून ‘किडलेला’ असा एक जुना अर्थ कोशांत दिलेला आढळतो. तो खोटा नव्हे. परंतु तोच सर्वत्र लावूं गेल्यास अनर्थ होतो.

पॅरिस शहरांत १६७४ सालीं उभारलेली सें-मार्तें नांवाची वेस आहे. तिच्या दगडांस हें विशेषण लावितात. म्हणून ते दगड किडले आहेत काय? मुळींच नाहीं. पाथरवटांनीं त्यांच्या दर्शनी अंगावर बुद्ध्याच नागमोडी चर कोरले आहेत. लांकूड पोखरणाऱ्या किड्यानें मागें ठेविलेल्या वाटांसारखे ते दिसतात, इतकेंच.

पक्षिशास्त्रांतही हा शब्द येतो. हिंवाळ्यांत उत्तरेकडून आपल्या तलावांवर येणाऱ्या टील जातीच्या बदकांतील नराची कूस दुरून करडी वाटते. जवळून पाहिल्यास तेथें बारीक, वांकड्या काळ्या-पांढऱ्या रेषा दाट पसरलेल्या दिसतात. अशीं पिसें ‘व्हर्मिक्युलेट’ होत. येथें ‘किडलेलीं पिसें’ असें भाषांतर करणाराची फजितीच व्हावयाची!

‘व्हर्मिक्युलर’ हा याचा सख्खा भाऊ. पण दोघांची गल्लत करूं नये. आंतड्यांच्या लाटेसारख्या हालचालीस ‘व्हर्मिक्युलर’ म्हणतात. तेथें किड्याच्या गतीशीं साम्य आहे, नक्षीशीं नव्हे.

याच कुळांतील आणखी दोन शब्द आमच्या वाचकांच्या परिचयाचे असतील. बारीक शेवयांस इटालियन लोक ‘व्हर्मिचेली’, म्हणजे ‘लहान किडे’, म्हणतात. ही व्युत्पत्ति पानावर बसलेल्या मंडळींस सांगूं नये हें बरें. तसेंच ‘व्हर्मिलियन’ हें तांबड्या रंगाचें नांव मूळचें रंग देणाऱ्या किड्यावरून पडलें. पुढें तें हिंगुळाकडे गेलें.

‘व्हर्मिक्युलेट’ या शब्दास मराठींत ‘कृमिरेखित’ हा प्रतिशब्द चालावा असें आम्हांस वाटतें. घरांतील विद्यार्थ्यांस मात्र वडील मंडळींनीं एवढें अवश्य सांगावें, कीं विशेषणाचा अर्थ कोशांत पाहण्यापूर्वीं तें कोणत्या नामास लागलें आहे तें पाहावें. कोश अनेक अर्थ देतो. त्यांतला कोणता घ्यावयाचा, तें वाक्यच सांगतें.