प्लॅटिनमला शिसपेन्सिलीचा शह



मागच्या आठवड्यात वर्गात मी सांगितलं, की काळ्या द्राक्षाच्या सालीतल्या रंगापासूनही उन्हात थोडी वीज मिळवता येते. झालं! नाशकात द्राक्षांना काय तोटा? एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, आपण करू या की!" मी म्हटलं, "अरे, त्याला प्लॅटिनम लागतं. फार महाग धातू तो." बिचारा हिरमुसून खाली बसला. मला मात्र चुटपुट लागली. घरी येऊन पुस्तकं काढली, तेव्हा कळलं, की माझं उत्तर अर्धवट होतं!

छपरावरचे सोलर पॅनेल सिलिकॉनचे असतात. हा सेल वेगळा. १९९१ साली स्वित्झर्लंडमध्ये मायकेल ग्रेट्झेल आणि ब्रायन ओ'रीगन यांनी तो जगापुढे आणला. त्यात वीज वाहून नेणाऱ्या दोन काचा असतात. एकीवर टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या पुडीचा थर आणि त्यात मुरवलेला रंग. दोन्ही काचांच्या मध्ये आयोडीन मिसळलेला द्रव. ऊन पडलं, की रंगातला इलेक्ट्रॉन उडी मारून पांढऱ्या थरात जातो, तारेतून फिरून दुसऱ्या काचेवर येतो आणि द्रवातून पुन्हा रंगाकडे पोचतो. फेरी पूर्ण!

पण काचेवरून द्रवात उतरताना तो अडखळतो. तिथे प्लॅटिनमचा पातळ थर दिला, की काम झटपट होतं. मग तांबं का नाही? आयोडीन त्याला खाऊन टाकतं. कार्बनला मात्र ते काही करत नाही. कार्बनच्या एकेका कणाचं काम प्लॅटिनमपेक्षा मंद, पण सच्छिद्र थर दिला, की कामाला लागणारे कण खूप होतात. एका पैलवानाचं ओझं पन्नास पोरांनी मिळून उचलावं, तसं! १९९६ साली आंद्रेआस के आणि ग्रेट्झेल यांनी असा कार्बनचा सेल करून दाखवला. त्याने उन्हातल्या ऊर्जेपैकी साडेसहा टक्क्यांहून अधिक ऊर्जेची वीज केली. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही अशा सेलवर संशोधन झालं आहे.

शाळेत तर काचेवर शिसपेन्सिल घासली किंवा मेणबत्तीची काजळी धरली, तरी भागतं. फळाच्या रंगाच्या सेलवर दिवा नाही हं लागणार, पण मीटरचा काटा हलतो.

आता घरी एक गंमत करा. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच. असतो तो ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन, आणि चिकणमाती. छोटी पेन्सिल दोन्ही टोकांना तासा. टॉर्चचे दोन सेल, एक लाल एलईडी आणि तारा घेऊन मधे पेन्सिल जोडा. एलईडी लागला नाही, तर उलटा लावून बघा. घरातल्या प्लगला मात्र हात लावायचा नाही!

त्या मुलाला सोमवारी मी स्वतःच सांगितलं, "माझं चुकलं रे. तुझ्या दप्तरातली पेन्सिल चालते." तो लगेच द्राक्षं आणायला निघाला होता!

तुमच्या
बाई