सल्ला देणारा कुणाचा माणूस?

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या लेकरांभोवती दलाल जमतात. फुलंब्रीच्या बसस्टँडपासून पार वडोद बाजारपर्यंत, जिथं मोकळी भिंत दिसेल तिथं यांचे फ्लेक्स. 'करिअर मार्गदर्शन'. 'हमखास प्रवेश'. 'शिष्यवृत्तीची संपूर्ण सोय'. बापाच्या मोबाइलवर फोन येतो, "अभिनंदन, तुमच्या मुलीला एवढे एवढे टक्के पडलेत." बापाला अजून टक्के कळलेले नाहीत, यांना आधीच कळलेत. नंबर कुणी विकला? विचारायची सोय नाही. समोरचा 'सर' म्हणवून घेतो आणि आपल्याकडं सर म्हटलं की बाप हात जोडतो.

दोस्तहो, हा प्रश्न किरकोळ समजू नका. पोराला कोणत्या कॉलेजात टाकायचं हे कुणाला विचारायचं? ज्यांच्या घरात तीन पिढ्या शिकल्या त्यांना हा प्रश्न पडतच नाही. त्यांचा काका प्राध्यापक, मावशी बँकेत, आतेभाऊ पुण्यात इंजिनिअर. जेवताना वरणभाताबरोबर सल्ला वाढला जातो, फुकट. आणि आपल्या घरात? आजा गावकी करत मेला, बाप अद्रकाच्या वाफ्यात वाकून मेला, आई दुसऱ्याच्या कपाशीत. पहिल्यांदा बारावी झालेलं लेकरू कुणाच्या तोंडाकडं बघणार? पूर्वी शाळेच्या दारावर पाटी होती, तुम्हाला आत मज्जाव. आता दारं चाळीस आहेत आणि आपलं दार कोणतं, ते किती तारखेला बंद होतं, हे सांगणारा कुणी नाही. हाच आजचा मज्जाव!

मी गोदीत हमाली करतो. जहाजातून माल उतरताना एकेक नग मोजला जातो, त्याला टॅली म्हणतात. जहाजाच्या बाजूचा टॅलीवाला वेगळा, माल उतरवून घेणाऱ्याचा वेगळा. दोघं एकाच नगाकडं बघतात, तरी आकडा जुळला नाही की भांडण. म्हणून गोदीतला अडाणी माणूससुद्धा आधी विचारतो, हा मोजणारा कुणाचा? पगार कुणाकडून घेतो? आकड्यावर विश्वास मग. लेकराला सल्ला देणाऱ्याला हाच प्रश्न पहिल्यांदा विचारा. बाबा रे, तू कुणाचा माणूस?

मराठवाड्यात हे समजवायला गोदीही नको. ऊसतोडीचा मुकादम सगळ्यांना ठाऊक आहे. तो दारात येतो, गोड बोलतो, उचल देतो, कोयते गोळा करतो आणि कमिशन कारखान्याकडून घेतो. प्रवेशाचा एजंट हा शिक्षणातला मुकादम आहे. तो कोयत्यांऐवजी पोरं मोजतो. ज्या कॉलेजच्या जागा रिकाम्या पडल्या तेच कॉलेज त्याच्या तोंडून 'नामांकित' होतं.

बहिणीचा फोन आला. भाची सायन्सनं बारावी झाली. बहीण म्हणाली, "दादा, एक सर आलेत, पुण्याला जागा देतो म्हणतेत. तीस हजार भरून जागा पक्की करा, बाकी सगळं स्कॉलरशिपमधून वळतं होतं म्हणतेत. गळ्यातलं मोडू का?" मी विचारलं, जागा कोणत्या कोट्यातली? तिला ते माहीत नव्हतं आणि सरांनी सांगितलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं तेव्हा सर म्हणाले, मॅनेजमेंट कोट्यातली.

इथं नीट वाचा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. पालकांचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत लागतं. उत्पन्न वर गेलं तर शिक्षण शुल्काच्या माफीसाठी राज्याची फ्रीशिप आहे. पण मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला ही शिष्यवृत्ती लागू नाही. सरकारी प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅपमधून गुणवत्तेनं जागा घ्या, तर शिष्यवृत्ती. एजंटाच्या हातानं मागच्या दारातून घ्या, तर चार वर्षांची फी बापाच्या बोडक्यावर. एजंटाला हा नियम माहीत नसतो असं वाटतं? चांगला माहीत असतो. पण कॅपमधून गेलेल्या लेकराचं कमिशन त्याला कुणी देत नाही, म्हणून तो कॅपचं नाव घेत नाही. बहिणीचं गळ्यातलं वाचलं. किती बहिणींचं गेलं असेल?

कुणी म्हणेल, पैसे घेणारा प्रत्येक माणूस चोर नसतो. मान्य. एखादा समुपदेशक तुमच्याकडून उघड फी घेतो, पावती देतो, कॉलेजकडून छदाम घेत नाही. तो निदान तुमचा माणूस आहे. वांधा त्याचा, जो तुमच्याकडून काहीच घेत नाही असं सांगतो. फुकटचा एजंट सगळ्यात महाग पडतो.

दुसरा सल्लागार म्हणजे फॉर्म भरणारा. महा-ई-सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान, नेट कॅफे. आपल्या निम्म्या लेकरांचं भवितव्य या काउंटरवर ठरतं. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशसुद्धा राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळं सोळाव्या वर्षीच या काउंटरवर उभं राहावं लागतं. दुकानदार वाईट नसतो, पण मागं रांग असते. तो विचारतो, "कोणतं कॉलेज टाकू?" पोरगं गप्प. तो आपल्या मनानं क्रम लावतो. बटण दाबलं, संपलं. पोराला कुणी सांगितलेलं नसतं की पहिल्या क्रमांकावर लिहिलेलं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. आणि मोबाइल नंबर दुकानदाराचा, पासवर्ड दुकानदाराकडं. संदेश त्याच्या फोनवर येतात आणि तो दिवाळीला गावी गेलेला असतो. शिष्यवृत्तीतला केंद्राचा साठ टक्के वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. खातं आपलं, नंबर दुसऱ्याचा, हा कुठला कारभार? फॉर्म कुणाकडूनही भरून घ्या. पण नंबर आपला, पासवर्ड आपल्या वहीत आणि कॉलेजांचा क्रम घरी बसून, कागदावर लिहून.

तिसरा सल्लागार जास्त धोक्याचा आहे, कारण तो पैसा घेत नाही. तो आपल्या भल्याचं बोलतो. "तुला झेपणार नाही रे." "सायन्स नको, आर्ट्स घे." "पोरीला एवढं लांब कशाला? जवळपास काहीतरी बघा." मी मॅट्रिक झालो तेव्हा एका गुरुजींनी माझ्या बापाला सांगितलं, "दोन हात दिलेत ना देवानं, कामाला लाव." बाप त्यांच्या पाया पडून घरी आला. गुरुजी दुष्ट नव्हते. वर्गातल्या पाटलाच्या पोराला माझ्यापेक्षा मार्क कमी होते, त्याला मात्र त्यांनी औरंगाबादच्या कॉलेजाचा फॉर्म स्वतः आणून दिला. त्यांना हे वाकडं वाटलंच नाही. जात अशी काम करते साली. शिवी न देता, पाठीवर हात ठेवून! म्हणून तुमच्या लेकराला कुणी 'झेपणार नाही' म्हणालं तर लगेच विचारा, कशावरून? मार्कांवरून की आडनावावरून?

मग खरा सल्लागार कसा असतो? आपल्याकडं त्याचा दाखला आहे. चर्नी रोडच्या बागेत एक पोरगा रोज पुस्तक वाचत बसायचा. कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे एक शिक्षक तिथं यायचे. ते आपल्या जातीचे नव्हते. त्यांनी त्या पोराची चौकशी केली, वाचायला पुस्तकं दिली, सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. १९०७ साली तो पोरगा मॅट्रिक झाला. पुढं कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा केळुसकर त्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडं घेऊन गेले आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोचले.

यात केळुसकरांनी काय केलं ते नीट बघा. पोरगा काय वाचतो ते आधी पाहिलं. त्याची भूक कमी करायला सांगितलं नाही. पैसा कुठं आहे ते शोधलं आणि नुसता पत्ता न देता स्वतः सोबत गेले. बदल्यात काही मागितलं नाही. सल्लागार निवडायचं माप हेच. आणि हेही लक्षात घ्या की सल्लागार आपल्याच जातीचा हवा असं नाही. आपल्या जातीचा मुकादमही मुकादमच असतो.

तारखेचं आणि कागदाचं भान नसेल तर हुशारी मातीत जाते. उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातला अतुल कुमार, रोजंदारी करणाऱ्या दलित बापाचा पोरगा. २०२४ साली त्याला धनबादच्या आयआयटीत जागा लागली. १७,५०० रुपये २४ जूनला संध्याकाळी पाचच्या आत भरायचे होते. पैसे गोळा होईतो वेळ संपली, जागा गेली. तो दारोदार फिरत शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयानं त्याला जागा द्यायला लावली. सगळ्यांना सर्वोच्च न्यायालय गाठता येत नाही. आठ दिवस आधी सतरा हजार जमवा म्हणून सांगणारा एक माणूस पुरला असता.

आपल्याकडं तर कागदाचा डोंगर. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जातीचा दाखला पुरत नाही, जात पडताळणी लागते. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासून कुटुंब इथलं असल्याचा पुरावा शोधावा लागतो. आणि मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात! आजोबांच्या वेळची दप्तरं उर्दूत. हे काम निकालानंतर आठवड्यात होत नाही. अकरावीतच सुरू करावं लागतं. जो सल्लागार अकरावीत पडताळणीचं नाव काढत नाही, तो बारावीनंतर कितीही गोड बोलला तरी उपयोग काय?

आणखी एक. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध पोरांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्याला वर्षाला ६०,००० रुपये, औरंगाबादसारख्या शहरात, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, ५१,००० रुपये. अटी आहेत, त्या समाजकल्याणच्या कार्यालयात जाऊन विचारा. पण तुमच्या सल्लागाराला हे नावच माहीत नसेल तर तो सल्लागार पाटलाच्या पोराचा, तुमचा नव्हे.

तेव्हा बापहो, समोर बसलेल्याला चार गोष्टी विचारा. तुला पैसा कोण देतं? तू सांगतोस तो नियम कागदावर दाखव. माझ्या लेकराला काय शिकायचंय हे तू तिलाच विचारलंस का? आणि प्रवेशानंतर, ऑक्टोबरात शिष्यवृत्ती अडकली, वसतिगृहात कुणी जात काढली, तर फोन उचलशील का? 'हे मला माहीत नाही, ऑफिसात विचारू' असं जो म्हणतो त्याच्यावर भरवसा ठेवा. ज्याला सगळं माहीत असतं आणि जो आजच्या आज पैसे भरा म्हणतो, त्याला चहा पाजून वाटेला लावा. मूळ कागद कुणाच्याही हातात ठेवू नका. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायला विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ सालीच कॉलेजांना मनाई केली आहे. मग एजंट कोण लागून गेला?

आता आपल्यातल्या शिकलेल्यांना विचारतो. फुलंब्रीपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर नागसेनवन आहे. बाबासाहेबांनी १९५० साली तिथं मिलिंद कॉलेज सुरू केलं. त्या झाडांखाली शिकून किती माणसं साहेब झाली! सोळा वर्षं झगडून, घरं जळून, माणसं मरून १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला त्यांचं नाव लागलं. त्या नावाच्या डिग्र्या घेऊन तुम्ही शहरात फ्लॅट घेतले, घ्या, राग नाही. पण जूनमध्ये तुम्ही असता कुठं? यवतमाळला राजू केंद्रेनं एकलव्य नावाची संस्था उभी केली. तिथं पहिल्या पिढीतल्या पोरांना मोठ्या विद्यापीठांची वाट दाखवतात. स्वतः ठेचा खाल्लेल्या माणसानंच ती उभी केली. हे यवतमाळला होतं, तर फुलंब्रीत का होऊ नये?

एवढंच करा. प्रत्येक वस्तीतल्या विहारात अकरावीला असलेल्या पोरापोरींची वही ठेवा. कुणाची पडताळणी झाली, कुणाची राहिली, ते त्यात लिहा. भिंतीवर तारखा लावा. कॉलेजात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या पोरीला रविवारी तिथं बसवा, कारण परवाच त्या रांगेतून गेलेल्या माणसाएवढं कुणालाच ठाऊक नसतं. माझ्या भाचीचा क्रम अशाच एका पोरीनं कागदावर लिहून घेतला. अर्धा दिवस लागला, खर्च दोन चहा.

मुकादमाला शिव्या देऊन मुकादम जात नाही. त्याची जागा आपण घेतली की जातो. पुढचा निकाल लागायच्या आत ही वही उघडा.

जय भीम!