खडाखडा वाचतो, पण कळतं का?

आपल्याकडे शिक्षणावरची सभा 'इक्रा'शिवाय सुरू होत नाही. 'वाच' हा पहिला शब्द होता, असं वक्ते सांगतात. मग वह्या-दप्तरं वाटली जातात, दहावीत नव्वद टक्के मिळवणाऱ्यांच्या हाती ट्रॉफी दिली जाते, फोटो निघतात आणि सगळे घरी जातात. वाचणं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मी अशा एकाही सभेत ऐकलेला नाही. माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या बहुतेक मुलांना अक्षरं वाचायला शिकवलं जातं, वाचलेलं समजून घ्यायला शिकवलं जात नाही. ते शिकवता येतं. आणि न शिकवल्याची किंमत आपण रोज मोजतो आहोत.

पुढचं वाक्य वाचा. 'गबऱ्या टिंबूने काल चार फिसके मलटले.' आता उत्तरं द्या. टिंबू कसा होता? गबऱ्या. त्याने किती फिसके मलटले? चार. कधी? काल. पैकीच्या पैकी गुण! फिसका म्हणजे काय, मलटणं म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नाही आणि मलाही नाही, कारण हे शब्द मी आत्ताच बनवले. 'खालील उताऱ्यावरून प्रश्नांची उत्तरे लिहा' हा प्रकार बहुतेक वेळा असाच सुटतो. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, आजूबाजूचं वाक्य उतरवून काढायचं. नाहीच सापडलं तर गाईड आहेच.

हा रोग फक्त आपला नाही. १९७८च्या सुमारास डोलोरेस डर्किन या संशोधक अमेरिकेतल्या वर्गांत जाऊन बसल्या आणि घड्याळ लावून नोंदी केल्या. चौथीच्या वर्गांत वाचनाच्या ४,४६९ मिनिटांपैकी अर्थ कसा लावायचा हे शिकवण्यात गेली होती २० मिनिटं. बाकीपैकी बराच वेळ शिक्षक प्रश्न विचारून उत्तरं तपासत होते. तपासणं म्हणजे शिकवणं नव्हे, एवढं तरी त्या आकड्यांनी दाखवून दिलं.

मग शिकवायचं काय? १९८४ मध्ये अ‍ॅनमेरी पॅलिन्कसर आणि अ‍ॅन ब्राऊन यांनी सातवीच्या अशा मुलांबरोबर काम केलं, ज्यांना वाचता येत होतं पण कळत नव्हतं. त्यांनी चार सवयी शिकवल्या: पुढे काय येईल याचा अंदाज बांधणं, मजकुरावर स्वतः प्रश्न काढणं, अडलं तिथे थांबून ते सोडवणं आणि वाचलेलं थोडक्यात सांगणं. आधी शिक्षक हे सगळं मोठ्याने बोलून दाखवतो, मग एकेक मूल आळीपाळीने शिक्षक होतं. मुलांची समज स्पष्टपणे वाढली. यासाठी ना स्मार्ट बोर्ड लागतो, ना टॅबलेट.

आमच्या मोहल्ल्यात रविवारी सहावी ते आठवीची मुलं माझ्याकडे येतात, काही मराठी शाळेतली, काही उर्दू. त्यांना मी एक छोटा उतारा दिला. 'सलमा घरी आली तेव्हा चूल पेटलेली नव्हती. अब्बूंची सायकल दाराशी नव्हती. कोपऱ्यातलं शिलाई मशीनही नव्हतं.' गाईडवाला विचारेल, 'दाराशी काय नव्हते?' मी विचारलं, 'घरात काय झालं असेल? कशावरून?' एक मुलगी म्हणाली, पैसे संपलेत, अब्बू मशीन विकायला गेलेत. दुसरा म्हणाला, छे, दुरुस्तीला नेलं असेल. मग चूल का नाही पेटली? तिसऱ्याने हात वर केला, 'रमजान असेल ना!' हसले सगळे, पण वाद पाऊण तास चालला, आणि प्रत्येकाला उताऱ्यातल्या वाक्यावर बोट ठेवून बोलावं लागलं. अर्धी मुलं घरच्या भाषेत बोलत होती. बोलू द्यावं. मराठीत वाचायचं आणि 'हमारे में' समजावून सांगायचं, यात मराठीचं काहीही बिघडत नाही. उलट मुलाला खरंच कळलंय का, ते तिथेच कळतं.

काही जण लगेच मदरशाकडे बोट दाखवतील. सच्चर समितीने २००६ मध्येच सांगितलंय की शाळेच्या वयाची जेमतेम तीन-चार टक्के मुस्लिम मुलं मदरशात शिकतात. बाकीच्यांचा प्रश्न शाळेतला आहे. पण एक गोष्ट आपण आपल्याशी कबूल करावी. नाजरा वाचनात उच्चार बरोबर आला की मूल पास होतं. तिलावतीची आपली जागा आहे, आदर आहे, माझा त्यावर आक्षेप नाही. आक्षेप आहे तो तीच फूटपट्टी मराठीच्या, विज्ञानाच्या, इतिहासाच्या पुस्तकाला लावण्यावर. 'माझा मुलगा खडाखडा वाचतो,' असं सांगणाऱ्या बापाने पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: मग सांग बेटा, काय लिहिलंय?

'आधी अक्षरं तरी येऊ द्या,' हा दुसरा आक्षेप. तो निम्मा खरा आहे. 'असर' अहवालानुसार २०२२ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या फक्त ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. पण गॉफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र आम्हा इंजिनिअर लोकांना चटकन पटतं: वाचनाची समज म्हणजे अक्षरं वाचता येणं गुणिले भाषा समजणं. हा गुणाकार आहे. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच. सरकारच्या 'निपुण भारत' अभियानाच्या नावातच समजून वाचणं आहे, पण त्याचं लक्ष्य तिसरीपर्यंतचं. आज सहावी-आठवीत असलेल्या मुलांचं काय?

तिसरा धोका मात्र खरा आहे. उद्या क्लासवाले 'आकलनाच्या चार पायऱ्या' पाठ करून घेतील. त्याचा उपयोग नाही. या सवयी थोड्या सरावात लागतात, त्यानंतर हवं असतं ते शब्दांचं आणि जगाचं भांडवल. क्रिकेट कळणारा पोरगा स्कोअरबोर्डची बातमी सहज समजून घेतो आणि बँकेच्या बातमीत बुडतो. म्हणून पाठ्यपुस्तकाबाहेरचं रोज काहीतरी हवंच.

आता किंमत. मी ज्या क्षेत्रात आहे तिथे पदवी घेतलेली मुलं येतात. 'सर, एरर येतोय.' काय लिहिलंय? ते मोठ्याने वाचून दाखवतात आणि माझ्याकडे बघतात. कारण त्याच ओळीत असतं. तिकडे नोकरी अडते, इकडे आयुष्य अडतं. निकाहनाम्यावर सही होते आणि मेहरची ओळ मुलीने वाचलेली नसते. कर्जाचा कागद एजंट 'बस इथे सही करा' म्हणून पुढे सरकवतो. २२ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाचा तिहेरी तलाकवरचा ३९५ पानी निकाल आला. बाजूने आणि विरोधात तावातावाने बोलणारे मला खूप भेटले. त्यातलं एक पान वाचलेला एकही भेटला नाही. आपल्यासाठी मौलाना वाचतात, नेते वाचतात, वकील वाचतात, व्हॉट्सॅप वाचतं. जो आपल्यासाठी वाचतो, तो आपल्यासाठी ठरवतोही. मग नागरिक म्हणून आपल्या हातात उरतं काय?

तेव्हा मित्र-मैत्रिणींनो, पुढच्या वर्षी वह्या वाटा, जरूर वाटा. पण त्याआधी दोन कामं करा. आठवड्यातून एक तास चार-पाच मुलं घेऊन बसा, एक परिच्छेद वाचा आणि उत्तर न सांगता फक्त विचारा, 'कशावरून?' दुसरं काम शाळेतलं. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुमची आपा, भाभी, चाचा त्या समितीवर असतील. बैठकीत भिंतीचा रंग आणि गॅदरिंगचा खर्च झाला की त्यांना एवढंच विचारायला सांगा: समजून वाचायला शिकवण्यासाठी आठवड्यात किती तास ठेवलेत, आणि त्या तासात मुलं प्रश्न विचारतात की फक्त उत्तरं उतरवतात?