डॉक्टरांच्या हाताचं वळण
गल्लीतल्या औषधवाल्याला चिठ्ठी कोणत्या डॉक्टरांची, हे सही न पाहताही कळतं. गुडघेदुखी म्हटली की एक डॉक्टर ठरलेली गोळी लिहिणार, समोरच्या इमारतीतले दुसरे वेगळीच. आपण त्याला अनुभव म्हणतो. बऱ्याचदा ती नुसती सवय असते. गंमत अशी की, या सवयीचाच संशोधकांनी मोठा चतुर उपयोग करून घेतला आहे.

सांधेदुखीच्या जुन्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याची भीती असते. १९९९ च्या सुमारास अमेरिकेत पोटाला सौम्य म्हणवणाऱ्या नव्या गोळ्या आल्या. साहजिकच, ज्यांचं पोट आधीच नाजूक त्यांना डॉक्टर त्या देऊ लागले. आता नुसत्या नोंदी चाळल्या, तर नवी गोळी घेणाऱ्यांनाही पोटाचा त्रास होताना दिसणार आणि बिचारी गोळी गुणाची असूनही कुचकामी ठरणार!

बोस्टनच्या अ‍ॅलन ब्रुकहार्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ साली यातून वाट काढली. पेनसिल्व्हेनियातल्या वृद्धांच्या नोंदी घेऊन त्यांनी पाहिलं, की याच डॉक्टरांनी आधीच्या रुग्णाला काय लिहिलं होतं? नवी गोळी लिहिली असेल, तर त्यांचा कल तिकडे. आणि आधीच्या रुग्णाच्या चिठ्ठीचा या रुग्णाच्या पोटाशी संबंध काय? म्हणजे नकळत नाणेफेकच झाली. मग रुग्णांची तुलना त्यांनी घेतलेल्या गोळीवरून नव्हे, तर डॉक्टरांच्या कलावरून केली. नेहमीच्या हिशेबात न दिसलेला नव्या गोळीचा फायदा आता दिसला. प्रत्यक्ष चाचण्यांत तो दिसलाच होता.

युक्ती मला आवडली, पण डोळे मिटून विसंबायची माझी तयारी नाही. नवी गोळी लिहिणारे डॉक्टर सोबत पित्ताचं औषधही आवर्जून देत असतील, किंवा अवघड रुग्ण त्यांच्याचकडे जात असतील, तर श्रेय गोळीचं की डॉक्टरांचं? नाणं तिथंच खोटं ठरतं. शिवाय प्रश्न पोटाचा विचारला, तर उत्तर पोटापुरतंच मिळतं. याच कुळातली व्हायॉक्स हृदयविकाराच्या धोक्यामुळे सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीनं मागे घेतली. तोवर पाच वर्षं लोक ती घेत होते.

आणि हे सारं तपासता आलं, ते चिठ्ठ्यांची नोंद कुठंतरी एकत्र ठेवलेली होती म्हणून. आपल्याकडे कित्येक घरांत ती गादीखालच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असते.