एकाच वर्षीचे दोन निकाल

मंगळवारी एका जिल्ह्याच्या गावी महिला सुरक्षेवरच्या बैठकीला गेले होते. आदिवासी मुलींवरच्या अत्याचारांचा विषय निघाला आणि व्यासपीठावरचे एक शिकलेले गृहस्थ म्हणाले, ‘त्यांच्यात तसं मोकळंच असतं.’ गोटुलचंही, म्हणजे आदिवासी तरुण-तरुणींच्या सामूहिक घराचंही, नाव घेऊन झालं. मी हरकत घेतली, तर वेळ संपल्याचं सांगण्यात आलं. राहिलेलं इथे लिहिते.

हे वाक्य जुनं आहे. २६ मार्च १९७२च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, मजुरी करणाऱ्या एका अनाथ आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, आणि तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचं निकालात लिहिलं. भीतीपोटी गप्प राहणं ही संमती नव्हे, असं म्हणत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सप्टेंबर १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, मग प्रतिकार कुठे केला, हा तर्क.

त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सुक्वामिश जमातीच्या प्रकरणात ठरवलं की, मूलनिवासी जमातींच्या न्यायालयांना बाहेरच्या आरोपीवर फौजदारी खटला चालवता येणार नाही, गुन्हा त्यांच्याच भूमीवर घडला तरी. ते प्रकरण बलात्काराचं नव्हतं. झळ मात्र बायकांना लागली. गुन्हेगार बाहेरचा असला की जमातीने केंद्र सरकारच्या वकिलांकडे पाहायचं. आणि त्या वकिलांनी २००५ ते २००९ या काळात मूलनिवासी भागांतली लैंगिक अत्याचाराची ६७ टक्के प्रकरणं न चालवताच सोडली. २०१६च्या सरकारी अभ्यासात ५६ टक्के मूलनिवासी स्त्रियांनी आयुष्यात कधी ना कधी लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्यांतल्या ९६ टक्के जणींच्या वाट्याला जमातीबाहेरचा अत्याचारी आला होता. या आकड्यांसमोर त्या गृहस्थांनी आपलं वाक्य पुन्हा म्हणून दाखवावं.

तिथे जमातीच्या हातून खटला काढून घेतला, इथे मुलीच्या शब्दाची किंमत काढून घेतली. दोन्हीकडे बाहेरच्या पुरुषाला कळलं, की हिच्या वाटेला गेलं तर आपल्याला कोणी विचारणार नाही. हिंसा तिथून येते. मुलींना घरी लवकर परतायचे सल्ले देऊन ती थांबत नाही.

१९७९मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देश पेटला, आणि १९८३मध्ये कायदा बदलला: पोलीस कोठडीतल्या अशा प्रकरणात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने आपली संमती नव्हती असं सांगितलं, तर संमती नव्हतीच असं न्यायालय धरून चालतं. अमेरिकेत २०१३मध्ये जोडीदाराच्या हिंसेपुरते अधिकार जमातींना परत मिळाले. अनोळखी बलात्काऱ्यासाठी २०२२ उजाडावं लागलं.

पण आपल्या कायद्याचा उपयोग मुलीचं म्हणणं नीट कागदावर उतरलं तरच. म्हणून ठाण्यात दुभाषी हवा, हा माझा हेका आहे. तो मी सोडणार नाही. मुलगी आपल्या माडिया भाषेत सांगते, हवालदार मराठीत लिहितो, आणि उलटतपासणी त्या मराठीवर होते. एक क्रियापद चुकलं की ‘जबाब फिरवला’. गडचिरोलीतल्या एटापल्ली-भामरागडच्या प्रत्येक ठाण्यात माडिया बोलणारी पगारी स्त्री दुभाषी रात्रंदिवस हवी. तुमच्या आमदारांना या अधिवेशनात एवढं एकच मागायला लावा.