नादारीचा अर्ज आणि वकिलाची पारख

खासगी बाजारात राहणाऱ्या एका भगिनींचे पत्र आमच्याकडे आले आहे. नाव प्रसिद्ध करू नये अशी त्यांची विनंती असल्याने आम्ही ते देत नाही. त्यांच्या यजमानांची दाल बाजारात भागीदारीची पेढी होती. उधारी वसूल झाली नाही, बँकेचे हप्ते थकले, आणि दोन व्यापाऱ्यांनी दिवाणी न्यायालयातून पैशाचे हुकूमनामे मिळविले. एकाने तर दुकानावर जप्तीही आणली आहे. आता दीर म्हणतात की, राहते घर वहिनींच्या नावे करून टाकावे. आणि नात्यातील एक वकील म्हणतात की, नादारीचा अर्ज आपण अल्प खर्चात करून देऊ, काळजीचे कारण नाही. ‘कोणाचे ऐकावे?’ एवढाच या भगिनींचा प्रश्न आहे. असा प्रश्न आपल्या समाजातील आणखी काही घरांत मनातल्या मनात विचारला जात असेल, या जाणिवेने आम्ही या महिन्याचे सदर त्यासच देत आहोत.

प्रथम मनातील ओझे उतरविले पाहिजे. दिवाळे या शब्दाने आपण फार लाजतो. पूर्वी पेढी बुडाली म्हणजे सावकार भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवीत असे आणि त्यावरून हा शब्द रूढ झाला, असे सांगतात. ही व्युत्पत्ती लक्षात घेतली तर दिवाळे काढणे म्हणजे तोंड लपविणे नव्हे. आपली स्थिती चारचौघांसमोर उघड मांडणे होय. आजच्या कायद्याचाही आशय तोच आहे. सन १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनचे दंगे सुरू झाले, सावकारांची खतपत्रे जाळली गेली, आणि त्यानंतर आलेल्या १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्यास पैशाच्या हुकूमनाम्यापायी तुरुंगात घालण्याची रीत बंद केली. पुढे १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा विचार सर्वांसाठीच स्पष्ट केला. केवळ ऐपत नाही एवढ्या कारणावरून ऋणकोस दिवाणी कैदेत टाकता येत नाही. ऐपत असूनही जो अप्रामाणिकपणे देणे टाळतो, त्याची गोष्ट निराळी. यास्तव प्रामाणिक नादारास कायदा शत्रू मानीत नाही, हे या भगिनींनी आपल्या यजमानांस आवर्जून सांगावे.

आता कायदा कोणता, हे पाहू. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन शहरांसाठी १९०९ चा नादारी कायदा आहे. इतरत्र १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागतो. सन २०१६ मध्ये नवी दिवाळखोरी संहिता आली खरी; परंतु ती प्रत्यक्षात कंपन्यांच्या कामी आली. व्यक्ती आणि भागीदारी पेढ्यांविषयीचा तिचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला तो केवळ कंपनीच्या कर्जास वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता. परिणामी ग्वाल्हेरच्या एखाद्या किराणा दुकानदारास वा भागीदारास १९२० च्या कायद्याखालीच जिल्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते. आणि मुलाच्या वा जावयाच्या कंपनीसाठी ज्याने जामीनपत्रावर सही केली, त्याचा मार्ग राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणाकडे जातो. दोन शेजाऱ्यांचे दुःख एकच, पण दारे दोन. वकिलाची पहिली पारख येथेच होते. ‘आमचे प्रकरण कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या न्यायालयात?’ असे विचारावे. जो वकील कागद न पाहताच उत्तर देतो, त्याच्याविषयी सावध राहावे. आणि जो आधी विचारतो की, पेढी कोणत्या स्वरूपाची, कोण कोणास जामीन आहे, घर गहाण आहे काय, त्याच्यापुढे दप्तर निःशंकपणे उघडावे.

१९२० च्या कायद्याखाली अर्ज करण्यास देणे ५०० रुपयांचे असले तरी पुरते, किंवा हुकूमनाम्यापायी अटक वा मालमत्तेची जप्ती झालेली असावी लागते. म्हणजे आत जाणे कठीण नाही. आत गेल्यावर काय होते, ते समजून घेणे महत्त्वाचे. नादार ठरविल्यावर ऋणकोची मालमत्ता न्यायालयाच्या वा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने ज्या वस्तूंस जप्तीपासून संरक्षण दिले आहे, त्या मात्र सुटतात : अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, धर्मरीतीप्रमाणे जे स्त्रीने अंगावरून उतरवायचे नसतात ते दागिने, सरकारी निवृत्तिवेतन, आणि ऋणकोच्या आयुर्विम्याची रक्कम. परंतु बँकेकडे घर गहाण असेल तर नादारीचा अर्ज ते वाचवीत नाही. तारण घेतलेल्या धनकोचा हक्क अबाधित राहतो. बँकेची साठ दिवसांची नोटीस आली आणि पुढे ताब्याची कारवाई झाली, तर त्याविरुद्ध दाद पंचेचाळीस दिवसांत ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे मागावी लागते. सरकारी देणी, फसवणुकीने झालेले कर्ज आणि पोटगी यांतून नादारीनेही सुटका होत नाही. न वटलेल्या धनादेशाचा फौजदारी खटला हा आणखी एक स्वतंत्र विषय. त्याचे उत्तर वेगळे तयार करावे लागते. आणि शेवटी मुक्ततेचा आदेश मिळविण्यासाठी न्यायालयाने ठरविलेल्या मुदतीत पुन्हा अर्ज करावा लागतो. तो राहिला तर सारे केलेले वाया जाऊ शकते. ही दुसरी बाजू जो वकील आपण होऊन सांगतो तो अनुभवी, आणि जो फक्त ‘सुटाल’ एवढेच सांगतो तो नव्हे, असा ठोकताळा मांडावयास हरकत नाही.

आता दिरांच्या सल्ल्याकडे वळू. तो प्रेमापोटी दिला असेल, पण तो घातक आहे. योग्य मोबदल्यावाचून केलेले हस्तांतर, ते करणारा दोन वर्षांच्या आत आलेल्या अर्जावरून नादार ठरला, तर रिसीव्हरच्या मागणीवरून रद्द होऊ शकते. अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एखाद्या धनकोस, मग तो सख्खा मेहुणा का असेना, इतरांस डावलून झुकते माप दिले असेल तर तेही टिकत नाही. मत्ता दडविणे वा हिशेबाच्या वह्या नष्ट करणे हा तर अपराध असून त्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे घर तर जाईलच, पण ज्या प्रामाणिकपणाच्या बळावर मुक्तता मागावयाची तो प्रामाणिकपणाही गमावून बसू. उलट या भगिनींचे स्त्रीधन, माहेरून आलेले दागिने आणि त्यांच्या स्वतःच्या कमाईची ठेव ही त्यांचीच आहे. पतीच्या देण्याशी तिचा संबंध नाही. त्याच्या पावत्या, लग्नातील याद्या आणि बँकेची पुस्तके त्यांनी आजच एकत्र करून ठेवावीत. मात्र बँकेच्या कागदांवर जामीन वा सहकर्जदार म्हणून आपली सही आहे काय, हे त्यांनी आधी पाहावे. ‘येथे सही करा’ म्हटले आणि केली, असे आपल्या घरांतून वारंवार घडते. तशी सही असेल तर ती गोष्ट वकिलास पहिल्याच भेटीत सांगितली पाहिजे.

नात्यातील वकिलाविषयी लिहिताना आम्हांस थोडा संकोच होतो. नात्यातील माणूस आपुलकीने काम करील यात शंका नाही. परंतु पोटदुखीसाठी आपण दातांच्या डॉक्टरकडे जात नाही. नादारीचे अर्ज जिल्हा न्यायालयात नित्य येत नाहीत. म्हणून ज्याने हुकूमनाम्यांच्या बजावणीची, जप्तीला हरकत घेण्याची आणि बँकांच्या वसुलीची कामे वर्षानुवर्षे चालविली आहेत, असा वकील शोधावा. वकिलाची सनद राज्य अधिवक्ता परिषदेची असते. मध्यप्रदेशची परिषद जबलपूर येथे आहे. सनदेच्या क्रमांकावरून तो केव्हापासून वकिली करतो ते कळते. शिवाय न्यायालयांच्या सार्वजनिक संगणक-सेवेवर वकिलाच्या नावावरून त्याची प्रकरणे पाहता येतात. घरातील कॉलेजात जाणारा मुलगा वा मुलगी हे काम अर्ध्या तासात करील. जाहिरातीवर मात्र विसंबू नये. वकिलांस स्वतःची जाहिरात करण्यास नियमांनी मनाई आहे. ‘कर्ज अर्ध्यावर आणून देतो’ असा मोबाइलवर संदेश पाठविणारा बहुधा वकील नसतोच. तो दलाल असतो, आणि त्याची आगाऊ फी हे आणखी एक कर्ज ठरते.

फीविषयी मोकळेपणाने बोलण्यात अवमान नाही. एकूण फी किती, ती कोणकोणत्या टप्प्यांवर द्यावयाची, टंकलेखन आणि न्यायालयीन शुल्क त्यात धरले आहे काय, तारखेस स्वतः उभे राहणार की सहायकास पाठविणार, हे आधी विचारून लिहून घ्यावे व प्रत्येक रकमेची पावती मागावी. निकालावर अवलंबून फी ठरविणे वा वाचलेल्या मालमत्तेत हिस्सा मागणे वकिलांच्या आचारनियमांस धरून नाही. तसे कोणी सुचविले तर तेथून उठावे. वकालतनाम्यावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा, कारण तडजोड करण्याचा अधिकारही त्यात दिलेला असू शकतो. कोऱ्या कागदावर सही कोणासही देऊ नये. मूळ कागद आपल्याजवळ ठेवून प्रती द्याव्यात; मूळच द्यावे लागले तर पोच घ्यावी. फी थकली म्हणून वकिलास कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला आहे. आणि ते प्रकरण आपल्याच मध्यप्रदेशातील राज्य सहकारी बँकेच्या एका वकिलाचे होते. तथापि १४ मे २०२४ च्या निर्णयाने हेही ठरले आहे की, वकिलाच्या सेवेतील उणिवेबद्दल ग्राहक न्यायालयात जाता येत नाही. गैरवर्तनाची तक्रार अधिवक्ता परिषदेकडेच करावी लागते. पश्चात्तापाचा मार्ग असा अरुंद असल्यामुळे निवडीच्या वेळीच डोळस असणे बरे.

वकिलाची पारख आपण करतो, तशी आपलीही पारख तो करीत असतो. त्याच्यापासून काही लपवू नये. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलास उघड करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे संरक्षण कायम आहे. मात्र बेकायदा हेतूसाठी घेतलेल्या सल्ल्यास ते मिळत नाही. पहिल्या भेटीस जाताना सर्व धनकोंची यादी, प्रत्येकाची रक्कम, गहाणखते, नोटिसा, हुकूमनाम्यांच्या नकला आणि निदान तीन वर्षांच्या हिशेबवह्या न्याव्यात. योग्य हिशेब ठेवले नाहीत, ही गोष्ट पूर्ण मुक्तता नाकारण्याचे एक कारण होऊ शकते.

चांगला वकील कधी कधी अर्ज करू नका, असेही सांगेल. घराचा काही भाग स्वखुशीने विकून, वा धनकोंशी हप्ते बांधून लोक अदालतीत तडजोड होत असेल तर तो उत्तम मार्ग. तेथील निवाड्यास हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नाही. लांबलेली प्रकरणे माणसांस कशी झिजवितात, हे इंदूरच्या हुकूमचंद मिलच्या कामगारांस विचारावे. १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद पडलेल्या त्या गिरणीच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्याचे सुमारे २२४ कोटी रुपये २५ डिसेंबर २०२३ रोजी सुपूर्द करण्यात आले. तोवर किती जण ते पाहावयास उरले नव्हते!

वकिलाची फी झेपत नसेल तरी दार बंद नाही. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांस, उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य कायदेशीर साहाय्य मागता येते. या भगिनी स्वतः जामीन असतील वा त्यांच्या स्त्रीधनास हात लागत असेल, तर त्यांनी जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे स्वतःच्या नावे अर्ज करावा. त्यासाठी दिरांची वा कोणाचीही परवानगी नको.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. मराठी संस्थानांत दौलतीचा हिशेब निराळा आणि खासगीचा निराळा, अशी रीत होती. भागीदारीच्या पेढीस कायदा ही सवलत देत नाही. पेढीचे देणे भागीदाराच्या घरापर्यंत येते. म्हणून ज्यांचे व्यवहार आज सुरळीत आहेत, त्यांनीही पेढीची वही आणि घरखर्चाची वही वेगळी ठेवावी, कोणासही जामीन राहण्यापूर्वी घरच्या मंडळींस विचारावे, आणि पहिली नोटीस येताच वकिलाकडे जावे. जप्तीचा बेलिफ दारात उभा राहिल्यावर वकील शोधू लागले, तर पारख करण्यास वेळच उरत नाही.