मासा मोजलाय, आकडा मागा

आई दापोलीहून पहिल्यांदा पोर्टलंडला आली तेव्हा मी तिला बोनव्हिल धरण दाखवायला नेलं. कोलंबिया नदी समुद्राला मिळते तिथून वर सुमारे 235 किलोमीटरवर हे धरण आहे. भिंतीच्या कडेने माशांसाठी पाण्याचा जिना केलाय. समुद्रातून घरी परतणारे सॅमन त्यावरून वर चढतात आणि खालच्या दालनात जाड काचेतून अगदी हातभर अंतरावर दिसतात. आई बराच वेळ काचेपाशी उभी होती. हा आपला रावस नव्हे, हे तिने लगेच ओळखलं. आपल्याकडे हॉटेलांत रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात खरं, पण दोघांचं काही नातं नाही. मग तिने विचारलं, "हे मोजतं कोण गं? आणि मोजून सांगतात कुणाला?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. 1938 पासून इथे माणसं काचेपलीकडचे मासे मोजत आली आहेत. चिनूक किती, सॉकाय किती, स्टीलहेड किती, असा जातवार रोजचा आकडा लिहिला जातो आणि लोकांसमोर ठेवला जातो. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला कामाला लावलं, आणि त्यासाठीच हे लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच: नदीतला मासा मोजणं हे सरकारचं काम असलं तरी तो आकडा आपला असतो, आणि कुणी मागत राहिलं तरच तो उघडा राहतो. सिएटल, पोर्टलंड, व्हँकुव्हर या पट्ट्यात आता आपली माणसं पुष्कळ आहेत. त्यांनी हे मनावर घ्यावं, आणि कोकणात राहणाऱ्यांनीही.

सॅमनचं मोजमाप इतकं महत्त्वाचं का, ते आधी सांगते. हा मासा नदीच्या गोट्यांत जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि काही वर्षांनी वासाचा माग काढत जन्माच्या ओढ्यात परततो. अंडी घालतो, आणि पॅसिफिक सॅमनच्या बहुतेक जाती तिथेच मरतात. आपल्याकडचा पाला, म्हणजे बंगाल्यांचा इलिश, असाच समुद्रातून नर्मदेत चढतो. अशा माशाच्या वाटेत धरण आलं, पाणी तापलं, समुद्रात अन्न कमी झालं, तर नेमका घात कुठे झाला हे वरवर पाहून कळत नाही. त्यासाठी माशाचा माग ठेवावा लागतो.

माग ठेवायच्या तऱ्हा आहेत. एक खूण तांदळाच्या दाण्याएवढी, काचेच्या नळीतली. पिल्लाच्या पोटात ती सुईने सोडतात. तिला बॅटरी नसते. मासा धरणातल्या अँटेनाजवळून गेला की खूण जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. कोलंबियाच्या खोऱ्यात 1987 पासून ही पद्धत आहे आणि दरवर्षी लाखो पिल्लांना अशी खूण घालतात. या नोंदींचं मोठं कोठार सर्वांसाठी खुलं आहे. म्हणजे आयडाहोच्या डोंगरातून निघालेलं एखादं पिल्लू कोणत्या धरणापाशी कोणत्या दिवशी दिसलं आणि दोन-तीन वर्षांनी परतलं का, हे तुम्ही-मी घरी बसून पाहू शकतो.

दुसरी खूण त्याहून बारीक, जेमतेम मिलिमीटरभर लांबीची तार. ती मत्स्यबीज केंद्रातल्या पिल्लाच्या नाकाडात घालतात. ती वाचायला मासा मेलेला असावा लागतो. म्हणून ब्रिटिश कोलंबियात हौशी मच्छीमारांना सांगितलेलं असतं की खूण असलेल्या माशाचं डोकं कापून ठरलेल्या ठिकाणी जमा करा. लोक खरोखर डोकी आणून देतात. ती तार सूक्ष्मदर्शकाखाली वाचतात, आणि मासा कोणत्या केंद्रातला, कोणत्या वर्षीचा ते कळतं. आता मला सांगा, डोकं लोकांनी दिलं, खूण घालायचा खर्च लोकांच्या करातून आणि वीजबिलातून झाला, तर त्यातून निघालेल्या माहितीवर हक्क कुणाचा?

हा हक्क आपोआप टिकत नाही, याची दोन उदाहरणं.

पोर्टलंडमध्ये फिश पॅसेज सेंटर नावाचं छोटं कार्यालय आहे. 1980 च्या नॉर्थवेस्ट पॉवर अ‍ॅक्टनंतर जी व्यवस्था उभी राहिली, तिच्यातून हे आलं. कोलंबिया आणि स्नेक या नद्यांवरच्या धरणांतून किती मासे गेले, किती जगले, याचे हिशेब ठेवायचे आणि मागेल त्याला द्यायचे, हे त्याचं काम. 2005 च्या उन्हाळ्यात न्यायाधीश जेम्स रेडन यांनी आदेश दिला की पिल्लांसाठी जास्त पाणी टर्बाइनमधून न नेता सांडव्यावरून सोडा. असं सोडलेलं पाणी म्हणजे न झालेली वीज, आणि वीज म्हणजे पैसा. सांडव्यावरून गेलेली पिल्लं जास्त जगतात, असं या केंद्राच्या आकड्यांतून दिसत होतं. त्याच वर्षी आयडाहोचे सिनेटर लॅरी क्रेग यांनी खर्चाच्या विधेयकाबरोबरच्या समितीच्या अहवालात एक वाक्य घातलं: या केंद्राला यापुढे पैसे देऊ नयेत. वर्षाचा खर्च होता सुमारे 13 लाख डॉलर. केंद्र सरकारच्या धरणांची वीज विकणाऱ्या बोनव्हिल पॉवर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने ते वाक्य शिरसावंद्य मानलं आणि केंद्राचं काम दुसऱ्यांकडे वाटून द्यायला घेतलं.

यकामा हे इथले मूळ रहिवासी लोक आणि पर्यावरणासाठी काम करणाऱ्या संस्था न्यायालयात गेल्या. जानेवारी 2007 मध्ये 9 व्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल दिला: समितीच्या अहवालातलं वाक्य म्हणजे कायदा नव्हे, आणि त्याच्या आधाराने घेतलेला हा निर्णय मनमानी आहे. केंद्र वाचलं. यकामांचा अमेरिकी सरकारशी झालेला तह 1855 चा आहे. मासा मारायचा हक्क तहात लिहिलेला आहे, पण नदीत मासाच नसेल तर तो हक्क कागदावर राहतो. मासा आहे की नाही, हे आकडाच सांगतो. म्हणून त्यांनी आकड्यासाठी लढा दिला. मला हे फार मोलाचं वाटतं.

दुसरं उदाहरण कॅनडातल्या फ्रेझर नदीचं. 2009 मध्ये एक कोटीहून जास्त सॉकाय परततील असा अंदाज होता, आले सुमारे 15 लाख. कॅनडा सरकारने न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांचा चौकशी आयोग नेमला. त्याच काळात मत्स्य खात्याच्या शास्त्रज्ञ क्रिस्टी मिलर एक संशोधन पूर्ण करत होत्या. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी परतणारे सॉकाय पकडले, कल्ल्याचा लहानसा तुकडा घेतला, खूण लावून मासे सोडले आणि कोण अंडी घालायच्या जागी पोचतो, कोण वाटेत मरतो याचा माग काढला. मरणाऱ्या माशांच्या जनुकांत आधीच एक विशिष्ट ठसा दिसत होता. जानेवारी 2011 मध्ये हा लेख 'सायन्स' या नियतकालिकात आला. जगभरच्या वार्ताहरांनी मिलरबाईंना फोन केले, आणि वरून आदेश आला की त्यांनी बोलायचं नाही. लोकांना त्यांचं म्हणणं ऐकायला मिळालं ते ऑगस्टमध्ये, आयोगासमोर साक्ष झाली तेव्हा. लेख छापून झाला होता, पण त्यातला अर्थ सोप्या शब्दांत सांगू शकणारी व्यक्ती गप्प बसवलेली होती. 2013 मध्ये तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांच्या संघटनेच्या पाहणीला चार हजारांहून जास्त सभासदांनी उत्तर दिलं, त्यातले 90 टक्के म्हणाले की आपण माध्यमांशी मोकळेपणाने बोलू शकत नाही. सरकार बदललं आणि नोव्हेंबर 2015 मध्ये ही बंदी उठली.

यातून मी एक धडा घेतला. आकडा मिळाला म्हणजे माहिती मिळाली असं नसतं. आकडा, तो कसा काढला याची टीप, आणि तो समजावून सांगायला मोकळा असलेला माणूस, हे सगळं मिळालं तर माहिती. मी स्वतः एकदा एका कार्यालयाकडे खुणा लावलेल्या माशांच्या नोंदी मागितल्या. चाळीस पानांची छायाचित्रं आली, रकान्यांच्या डोक्यावर नुसती आद्याक्षरं. मी पुन्हा लिहिलं: संगणकावर उघडेल असा तक्ता द्या आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ द्या. दोन्ही मिळालं. पहिल्या उत्तरावर थांबू नका, असं मी म्हणते ते या अनुभवावरून.

आकडा हातात आला की काय पाहायचं? धरणाच्या काचेतून मोजलेला मासा रानटी की मत्स्यबीज केंद्रातला, ते आधी विचारा. केंद्रात वाढवलेल्या बहुतेक पिल्लांचा शेपटीजवळचा पाठीवरचा छोटा मांसल पर कापलेला असतो, त्यावरून ओळखतात. एकूण आकडा फुगलेला असतो आणि आतला रानटी मासा घटत असतो, असं पुष्कळदा होतं. दुसरं म्हणजे खाली गेलेल्या शंभर पिल्लांमागे किती परतले, ते पाहा. नॉर्थवेस्ट पॉवर अ‍ॅक्टमधून आलेल्या परिषदेने कोलंबियाच्या खोऱ्यासाठी 2 ते 6 हे उद्दिष्ट ठेवलंय. स्नेक नदीचे रानटी मासे कित्येक वर्षी खालच्या दोनालाही पोचत नाहीत. बातमीत 'यंदा सॅमन वाढले' असं वाचलं की हा आकडा शोधा.

माहिती मागायची वाट मोकळी आहे. अमेरिकेचा कायदा 1966 चा. तिथे कुणीही अर्ज करू शकतो, नागरिक असायची अट नाही. पुण्यात बसलेला माणूसही बोनव्हिलच्या नोंदी मागू शकतो. कॅनडात नागरिक, कायमचे रहिवासी आणि त्या वेळी कॅनडात असलेली कोणतीही व्यक्ती अर्ज करू शकते. फी 5 डॉलर, मुदत 30 दिवस. अर्जात नदी, ठिकाण, मासा, तारखांची मर्यादा नेमकी लिहा. 'का' विचारू नका, नोंद मागा. 'का'चं उत्तर टाळता येतं, नोंद असली तर ती टाळणं अवघड जातं.

काही गोष्टी झाकलेल्या असाव्यात, हेही मी मानते. नामशेष व्हायला आलेले मासे नेमक्या कोणत्या डोहात अंडी घालतात, हे चव्हाट्यावर आलं तर चोरून मारणारे तिथे पोचतील. मूळ रहिवाशांच्या मासेमारीच्या जागाही त्यांच्या त्यांनी ठरवल्याशिवाय उघड होऊ नयेत. पण जागा झाकायची असेल तर जागा झाका. त्या निमित्ताने संख्या झाकू नका.

आता कोकणातल्या माझ्या माणसांसाठी. 2022 च्या सुरुवातीला आपल्या किनाऱ्यावर पाच ऑलिव्ह रिडले कासविणींच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली. वन विभागाचं कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था यांचं हे काम, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचं पहिलंच. प्रथमा, सावनी, रेवा, लक्ष्मी, वनश्री ही नावं तुम्ही वर्तमानपत्रांत वाचली असतील. 2023 मध्ये गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली, तेव्हा आमच्या घरातही तिच्याच गोष्टी चालायच्या. तो आनंद घेतलात ना? मग पुढचं पाऊल टाका. त्या यंत्रांनी दिलेल्या नोंदी मागा, वाचा, गावच्या शाळेत दाखवा. आपल्या खाडीतल्या मासळीच्या सरकारी नोंदीही मागा.

कायदा आपल्याकडे चांगला आहे. महाराष्ट्राने 2002 मध्येच स्वतःचा माहिती अधिकार आणला, देशाचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू झाला. त्यातल्या 'माहिती'त अहवाल येतात, नमुने येतात आणि संगणकातली आकडेवारीही येते. अर्जाला 10 रुपये, उत्तराला 30 दिवस. कारण सांगावं लागत नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो, तेव्हा मुद्द्याचंच लिहा. उत्तर आलं नाही तर तिथल्याच वरिष्ठांकडे 30 दिवसांत पहिलं अपील करा, तिथेही भागलं नाही तर 90 दिवसांत माहिती आयोगाकडे जा. अर्जाची पोच जपून ठेवा.

1992 मध्ये आयडाहोच्या रेडफिश सरोवरात परतलेल्या सॉकायची संख्या होती एक. समुद्रापासून सुमारे 1,450 किलोमीटर, आठ धरणं ओलांडून एकटा नर आला होता. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'लोनसम लॅरी', एकटा लॅरी. तो आकडा वर्षाच्या बेरजेत दडवता आला असता. तो जाहीर झाला, घराघरांत पोचला, आणि उरलेल्या माशांपासून वंश टिकवायच्या कामाला लोकांचं बळ मिळालं. 2014 मध्ये रेडफिश सरोवराच्या खोऱ्यात 1,579 सॉकाय परतले. पुढच्याच उन्हाळ्यात कोलंबियाचं पाणी तापलं, लाखो सॉकाय वाटेत मेले. तेव्हा खुणांच्या नोंदींवरून मासे वर पोचत नाहीत हे वेळेत दिसलं, आणि काही मासे लोअर ग्रॅनाइट धरणापाशी पकडून गाडीने आयडाहोला नेले गेले.

आई आता दापोलीत आहे. हंगामात दर रविवारी फोनवर ती मला विचारते, "काल किती चढले?" आणि मला आधी पाहून ठेवावं लागतं. तुमच्या घरातही कुणी तरी असं विचारणारं असू द्या. बोनव्हिलचा कालचा आकडा आज पाहा, आणि तुमच्या जवळच्या नदीचा किंवा खाडीचा कुठे मिळत नसेल तर या आठवड्यात अर्ज टाका.